सुमित्राबाईची तिसरी ओळ

यंदा पोरं ईश्वरदास कापगते सरांशी फारच अदबीनं वागायला लागली होती आणि त्यामुळे सर पार हैराण झाले होते.

तिरोड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्याला एवढं तरी कळतंच की पोरं आपल्याला कधी मानतात आणि कधी आपली कीव करतात. मानतात तेव्हा ती पाठीमागे नक्कल करतात, टोपणनाव ठेवतात, फळ्यावर चित्र काढून पळून जातात. कीव करतात तेव्हा दार उघडून धरतात. यंदा सरांसाठी जिथंतिथं दारं उघडी धरली जात होती. सर व्हरांड्यातून निघाले की गप्पा थांबायच्या, मोबाइलवरची गाणी बंद व्हायची आणि कोणीतरी पुढे होऊन त्यांच्या हातातली पुस्तकं घ्यायचं. माझे हात काय लुळे पडलेत का, असं सरांच्या अगदी ओठांवर यायचं. पण पोराचा तो केविलवाणा चेहरा बघितला की ते गप्प बसायचे.

सरांची बायको सुमित्राबाई गेल्या होळीच्या आसपास वारली, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. पोरांची काही चूक नव्हती. चांगल्या घरची पोरं होती, दुःखातल्या माणसाशी जसं वागावं तसं वागत होती. पण चांगलं वागण्यालाही काही मर्यादा असावी की नाही?

आता कॉलेजातलं ते गाणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय सरांचं दुखणं समजायचं नाही. गॅदरिंग सगळ्याच कॉलेजांत होतं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच होतात, गिटार घेऊन एखादा पोरगा डोळे मिटून गातो, डीजे वाजतो, रील निघतात. ते सगळं इथंही होतं. पण सगळ्यात शेवटी तिसऱ्या वर्षाची पोरं मास्तरांचं गाणं म्हणतात, आणि लोक थांबलेले असतात ते त्यासाठी. लग्नात नाही का बाया नवरदेवाचं, व्याह्यांचं नाव घेऊन त्यांची यथेच्छ टर उडवतात? तीच चाल, तोच ठेका. खेड्यावरच्या कुण्या पोरींनी ते कधीकाळी स्टेजवर आणलं आणि मग ते कॉलेजचंच होऊन गेलं. नवरदेवाच्या जागी प्राध्यापक, एवढाच फरक. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत एकेकाच्या वाट्याला दोन-दोन ओळी येतात. ज्याचं नाव येतं तो लाजतो, रागावल्याचं सोंग करतो आणि मनातून सुखावतो. ज्याचं येत नाही त्याची मात्र पंचाईत. इंग्रजीच्या एका मॅडमचं नाव एकदा राहून गेलं, तर त्या आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

कापगते सरांचं नाव कधी राहिलं नव्हतं. नोकरीला लागल्यापासून दरसाल त्यांच्यावर दोन ओळी ठरलेल्या. आणि दरसाल सर गॅदरिंगच्या आधी स्टाफरूममध्ये जाहीर करायचे की आपल्याला असले थिल्लर प्रकार मुळीच आवडत नाहीत. तरी बसायचे पहिल्या रांगेत. गाणं झालं की ते दोन ओळी तोंडात घोळवत, विसरू नये म्हणून वाटेत कोणाशी न बोलता, स्कूटर दामटत घरी यायचे.

कारण घरी सुमित्राबाई वाट बघत असायची. सुमित्राबाई बोदलकसाच्या तलावाजवळच्या गावची. लग्नाआधी गावातल्या प्रत्येक मांडवात तिचा गळा पुढे असायचा. सर सयपाकघराच्या दारात उभे राहून त्या दोन ओळी म्हणून दाखवायचे, अर्थात बेसूर. ती आधी पोट धरून हसायची, मग चाल दुरुस्त करायची आणि मग, हातातलं काम न थांबवता, वर आपली एक ओळ जोडून द्यायची. पोरांच्या दोन आणि तिची तिसरी. तिसरी झाल्याशिवाय गाणं पुरं झालं असं त्या घरात कोणी मानत नसे. एका साली पोरांनी म्हटलं होतं,

पाऊस नाही, पानी नाही, छत्री घेऊन आले,
अर्ध्या तासात सर आमचे पानिपतावर गेले.

त्यावर सुमित्राबाईनं भाकरी उलटता उलटता जोडलं, 'आन डबा घरीच इसरले, उपाशीच लढाले.' त्या दिवशी डबा खरंच घरी राहिला होता. दुसऱ्या एका साली स्कूटरवर गाणं झालं,

सरची स्कूटर म्हातारी, किक मारून दमले,
तिसऱ्या तासाचे पोट्टे तवा ग्राउंडवर जमले.

आणि तिनं लगेच, 'घरी मले म्हनते कसे, लेक्चर आज रमले.' सर चार दिवस रुसून बसले होते. म्हणजे तसं दाखवत होते. मनात मात्र त्यांना नवल वाटायचं. एवढी पुस्तकं वाचलेल्या आपल्याला एक ओळ जुळवता येत नाही आणि ही भाकरीसोबत ओळ थापते. तू एकदा मलाही शिकव, असं ते म्हणाले होते. ती म्हणाली होती की हे शिकवून येत नाही, अंगावर आलं की येतं.

गेल्या साली गोंदियाच्या दवाखान्यात, अगदी शेवटी शेवटी, तिला बोलायला त्रास व्हायचा. मुलगी रायपूरहून येऊन उशाशी बसली होती. सुमित्राबाईनं सरांना जवळ बोलावलं. सरांना वाटलं, आता काही घरादाराचं सांगेल.

"मास्तर," ती म्हणाली, "पुढच्या साली तुमचं शेवटचं गानं असन. पोट्टे काय म्हनते ते मले घरी येऊन सांगजा. मी नाई दिसली तरी सांगजा. बुडवू नका."

सरांनी मान हलवली. त्या घटकेला त्यांनी कशालाही मान हलवली असती. पण नंतर, घर रिकामं झाल्यावर, ती मान हलवणं त्यांच्या जिवाला लागून राहिलं. फेब्रुवारीअखेर त्यांची नोकरी संपत होती. गॅदरिंग फेब्रुवारीच्या सुरुवातीला. एकच गाणं उरलं होतं. आणि पोरं तर दारं उघडून धरत होती.

मग सर कामाला लागले. आता हे सांगताना हसू येतं, पण त्यांच्या दृष्टीनं प्रकरण गंभीर होतं. चिडवायला काही कारण तर मिळालं पाहिजे ना. जानेवारीच्या लख्ख उन्हात ते छत्री घेऊन कॉलेजात आले. पोरांनी ती अलगद घेऊन कोपऱ्यात उभी केली. त्यांनी स्वेटर उलटं घातलं. एका पोरीनं हळूच सांगितलं, सर, थंडी लय आहे ना. पानिपत सलग तीन तास शिकवलं, तर पोरांनी तिन्ही वेळा लिहून घेतलं. एकदा तर त्यांनी मुद्दाम दुसऱ्याच वर्गाची हजेरी घेतली. तर पोरं त्या पोरक्या नावांना एकेक करून 'येस सर' म्हणू लागली, की म्हाताऱ्या माणसाला लाज वाटायला नको. सरांना वाटलं, टेबलावर डोकं आपटून घ्यावं.

शेवटचा उपाय स्कूटर. ती जुनी स्कूटर सुरू व्हायला कुरकुर करायचीच. त्या दिवशी सरांनी पेट्रोलचा कॉक बंद ठेवून भर ग्राउंडसमोर किका मारायला सुरुवात केली. घाम आला. एरवी एव्हाना पाठीमागून शिट्ट्या सुरू झाल्या असत्या. पण मोहित धावत आला. हा मोहित म्हणजे कॉलेजचा ढोलकीवाला, गिटारवाला आणि साऊंडवाला, सगळं एकच. त्यानं खाली वाकून कॉक उघडला, एका किकमध्ये स्कूटर सुरू करून दिली आणि म्हणाला, सर, आराम करा. सर निघून गेले. आराम हा शब्द त्यांना घरापर्यंत टोचत राहिला.

गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात लायब्ररीच्या मागच्या खोलीत गाण्याचा सराव चालला होता. सर तिकडून जात होते असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर तिकडून कुठंच जाता येत नाही, पुढे भिंत आहे. ते दाराशी थांबून ऐकत राहिले. प्राचार्य झाले, केमिस्ट्रीच्या मॅडम झाल्या, कॅन्टीनवाला झाला, बागेचा माळीसुद्धा झाला आणि गाणं संपलं. सर तसेच उभे होते, तेवढ्यात दार उघडून पुष्पांजली बाहेर आली.

पुष्पांजली ही यंदाची गाण्याची म्होरकी. गळा खणखणीत आणि जिभेला धार. सरांना बघून ती दचकली, मग तिला वाटलं की सर काळजीनं आले असावेत.

"सर, तुमी घोर नका करू," ती म्हणाली. "तुमचं नाव नाई घेतलं आमी. वरीस नाई झालं ना मॅडमले. आमच्या गावात वरीस सरल्याबिगर त्या घरच्या मानसाले गान्यात ओढत नाई. आन मॅडम तं आमच्याच गावच्या. आमी नाई पाळाचं तं कोन पाळन?"

बरं केलं, असं सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोरगी एवढ्या मायेनं सांगत होती. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे तुला कोणी शिकवलं. तर ती म्हणाली, आजीनं. आजी म्हणजे नंदाबाई.

नंदाबाई. सरांच्या अंगावर त्या नावानं अजून काटा यायचा. सुमित्राबाईची ही जिवाची मैत्रीण. सरांच्या लग्नात हिनं मांडवात अशी काही गाणी म्हटली होती की नवरदेवाला घास गिळेना. आणि त्या गावची आणखी एक रीत म्हणजे जवायाच्या चहात मीठ घालायचं. चहा खारट लागला तरी जवायानं तोंड वाकडं न करता तो पूर्ण प्यायचा, तरच तो गावचा जवाई. नंदाबाईनं पहिल्या दिवशी मूठभर मीठ घातलं असावं. सर तो प्यायले होते आणि नंतर गुरांच्या कोठ्यामागे जाऊन ओकले होते. त्यानंतरही, ते सासुरवाडीला गेले आणि कुठल्या ना कुठल्या घरी चहा खारट निघाला नाही, असं सहसा झालं नाही.

रविवारी सकाळी सरांनी सुमित्राबाईची हिरवी साडी पिशवीत घातली आणि स्कूटर बोदलकसाच्या रस्त्याला लावली. साडी नंदाबाईला द्यायची, हे निमित्त. वाटेत बांध्यांमध्ये धानाचे खुंट उभे होते, कुठं कुठं उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळी वाळत घातली होती. सुमित्राबाई सोबत असायची तेव्हा या पाळीवर पोचली की तिचा आवाज एक पट्टी चढायचा. सरांनी तिथं उगाच एकदा हॉर्न वाजवला.

गावात कोणी मस्करी केली नाही. एरवी या गावात जवायाला धड चपला सापडायच्या नाहीत. त्या दिवशी लोकांनी उठून खुर्ची दिली, बाया पदर सावरून बाजूला झाल्या, आणि नंदाबाईनं स्वतः चहा आणला. सरांनी आशेनं एक घोट घेतला. चहा गोड होता. सुरेख, वेलची घातलेला, गोड. सरांना रडूच आलं असतं.

त्यांनी साडी दिली. नंदाबाईनं ती मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवला. मग इकडचं तिकडचं झालं. तलावात पाणी किती आहे, मासोळी कशी निघते, रायपूरची मुलगी फोन करते का. नंदाबाईनं विचारलं की जेवणाचं काय करता. सर म्हणाले, भाजी डब्यानं येते, भात घरी करतो. जमतो का, तिनं विचारलं. आणि सरांनी खरं तेच सांगितलं, की भाताला पाणी किती घालावं हे वर्ष होत आलं तरी कळलेलं नाही, रोज पेजच होते. तेव्हा नंदाबाईचे ओठ हलले. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, सरांनी ते स्पष्ट पाहिलं. पण तिनं तोंडाला पदर लावला आणि ते परत गिळलं. सरांना राहवलं नाही.

"नंदाबाई, म्हना ना जे म्हनाचं ते," सर म्हणाले. "पोट्टे माह्यासंग लय बेस वागून राहिले. मले सहन नाई होत. हे माहं शेवटचं साल. तिनं मले दवाखान्यात सांगतलं होतं, गानं झालं का घरी येऊन सांगजा मनून. आन माह्याजवर सांगासाठी काहीच नाही."

नंदाबाईनं मांडीवरच्या साडीची घडी मोडून परत घातली. अंगणात एक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती.

"सुमित्रानं असं म्हनलं होतं?" शेवटी तिनं विचारलं.

सरांनी मान हलवली.

"पन बापू, हे मागून नाई भेटत. मागतलेली मस्करी आंगाले लागत नाई. आन गानं माहं नाई, पुष्पीचं आहे. तिले वाटन तं ती म्हनन, नाई तं नाई."

एवढं बोलून ती साडी घेऊन आत गेली. सर थोडा वेळ बसले आणि उठले. परतताना पाळीवर त्यांनी हॉर्न वाजवला नाही. आपल्या वयाचा माणूस मला चिडवा म्हणून झोळी पसरायला सासुरवाडीत जातो आणि रिकाम्या हातानं येतो, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखी जी एकच बाई होती ती तर पोट धरून हसली असती. त्या विचारानं सरांना थोडं हसू आलं आणि मग फार एकटं वाटलं.

गॅदरिंगच्या दिवशी ग्राउंडवर मांडव पडला. लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता, म्हणजे हवा पडली होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. सगळे कार्यक्रम त्यांनी मन लावून पाहिले, प्रत्येकाला टाळ्या दिल्या. आपलं नाव येणार नाही हे त्यांनी मनाशी धरलं होतं. घरी जाऊन काय सांगायचं तेही ठरवलं होतं. सांगायचं, की पोरांनी तुझा मान राखला. वाईट नव्हतं ते. तिला पटलं नसतं, पण वाईट नव्हतं.

शेवटच्या कार्यक्रमाआधी पहिल्या रांगेत चहा फिरला. पहिल्या वर्षाची एक पोरगी ट्रे घेऊन आली. सरांनी जवळचा कप उचलायला हात पुढे केला, तर तिनं घाबरत घाबरत ट्रे फिरवला आणि दुसराच कप त्यांच्यापुढे आणला. हा तुमचा आहे सर, म्हणाली आणि पळाली.

सरांनी घोट घेतला. खारट. नुसता खारट नाही, जीभ आत ओढून घेणारा खारट.

 शेजारी प्राचार्य चहा छान झाल्याचं म्हणत होते. हो, छान झालाय, सर म्हणाले आणि दुसरा घोट घेतला. तोंड वाकडं न करता, हळूहळू, त्यांनी तो कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. एवढ्या वर्षांत कोणत्याही चहाबद्दल त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

स्टेजवर तिसरं वर्ष उभं राहिलं. मोहितनं गिटार छेडली, मागच्या पोरांनी मोबाइल वर केले आणि गाणं सुरू झालं.

प्राचार्य आमचे भाषन देते, माइक होते गरम,
पयल्या रांगेत झोपले त्याइची कायले करावी शरम.

मांडव हसून हसून लोळला. मग मॅडम, मग कॅन्टीनवाला, मग माळी. माळ्यानंतर लोकांना वाटलं संपलं. कोणी उठूही लागलं. पण मोहितनं गिटार खाली ठेवली आणि ढोलकी मांडीवर घेतली. ठेका बदलला, संथ झाला. मांडवात जवाई पाटावर बसतो तेव्हाचा तो ठेका. सरांनी तो लग्नात ऐकला होता, आणि सयपाकघरात हजारदा. पुष्पांजली पुढे आली. तिनं माइकची दांडी धरली, आधी मांडवातली हाळी दिली आणि मग दोन ओळी म्हटल्या.

आयका हो आयका, जवाईबापू, गाव काय म्हनते,
हजार सालच्या सनावळ्या पाठ, पानी किती नाही ठाव,
भाताची होते पेज आन घेते सुमित्राबाईचं नाव.

कोणी हसलं नाही.  वर्षाच्या आत, भर स्टेजवर, गेलेल्या बाईचं नाव मस्करीत घेतलं गेलं होतं. प्राचार्य खुर्चीत ताठ झाले. मागून कोणीतरी पुष्पांजलीला काहीतरी बोललं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती मागे सरली नाही. ती सरांकडे बघत उभी राहिली. आता सगळं सरांवर होतं.

सरांच्या पोटात कुठंतरी खोल, त्या खारट चहाच्याही खाली, काहीतरी हललं. वर्षभर ते तिथं दबून बसलं होतं. ते वर आलं आणि सर हसले. आधी फुसकन, मग खांदे हलवत, मग खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून घळघळा पाणी काढत हसले. त्यांचं हसणं ऐकलं आणि मांडव फुटला. कोणीतरी शिट्टी मारली. वर्षातली पहिली. मागच्या पोरांनी गाणं पुन्हा म्हणायला लावलं आणि दुसऱ्या खेपेला सगळं ग्राउंड 'पानी किती नाही ठाव' म्हणत होतं. कोणीतरी सरांची ती वर्गात राहिलेली छत्री स्टेजवर उघडून नाचवली. ती तिथं कधी नेली होती कोण जाणे.

गाणं संपल्यावर पुष्पांजली आणि मोहित खाली आले. सरांनी निरोपाचं भाषण तयार केलं होतं, ते खिशातच राहिलं. त्यांनी विचारलं, हे आजीनं केलं का? पुष्पांजलीनं नकारार्थी मान हलवली. आजीनं पेजेचं तेवढं सांगितलं होतं आणि चहाचं. ओळी त्या दोघांच्या. पहिली मोहितची, दुसरी तिची. ते काही मागून दिलेलं नाही, असं सरांना सांग, असंही आजी म्हणाली होती.

"सर, राग तं नाही ना आला?" मोहितनं विचारलं.

"लय उपकार झाले तुमचे, पोरांनो," सर म्हणाले. "तुमी मले पुन्हा मानसात घेतलं."

 त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले. मग एकदम आठवण आल्यासारखं करून, कोणाशी न बोलता, ते स्कूटरकडे निघाले. ओळी विसरायच्या आत घरी पोचायचं होतं. स्कूटर सुरू होईना. ग्राउंडवरून शिट्ट्यांचा नुसता पाऊस पडला, 'किक मारून दमले' म्हणून जुनं गाणं पण कोणीतरी काढलं, आणि सर मान खाली घालून हसत किका मारत राहिले. या वेळी कॉक उघडाच होता आणि मदतीला कोणी आलं नाही. सरांनी मनोमन त्या पोरांचे आभार मानले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. त्यांनी हातपाय धुतले, भात चुलीवर ठेवला, म्हणजे गॅसवर, आणि सयपाकघराच्या दारात, जिथं नेहमी उभे राहत तिथं जाऊन उभे राहिले. मग त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. चाल चुकली होती, हे त्यांना स्वतःलाच कळलं. त्यांनी परत म्हटलं. मग ते थांबले, कारण आता तिसरी ओळ यायची वेळ होती.

भातावरचं झाकण खडखडत होतं. बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं. सर उभेच राहिले. ती वेळ फार मोठी वाटली त्यांना, आणि फार रिकामी. हे शिकवून येत नाही, असं ती म्हणाली होती. भात ऊतू जायला लागला म्हणून ते पुढे झाले, झाकण काढलं, आत बघितलं. पेज. आजही पेजच. आणि तिथं, हातात गरम झाकण धरून, उभ्या आयुष्यात एक ओळ न जुळवलेल्या माणसाच्या तोंडून ती आपसूक निघाली,

पेजही गोड लागली मले, गाऊन गेलं तुहं गाव.

सरांनी ती एकदा हळू म्हटली आणि एकदा मोठ्यानं. मग त्यांनी दोन ताटल्या काढल्या, एक परत ठेवली, आणि पेजेत थोडं मीठ घालून जेवायला बसले.